हरले की शिव्या, जिंकले की स्टेटस!

आठ ऑलिम्पिक गोल्डचा इतिहास पाठीशी आणि समोर सलग सात पराभव... हॉकीच्या फॅननं वैतागायचं नाही तर काय करायचं? वैतागा की! पण नेमकं कुणावर, ते एकदा बघू या.

एक सांगा, तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हॉकीवर शेवटची चर्चा कधी रंगली होती? क्रिकेटचं विचारत नाहीये, हॉकीचं! ८ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये आपल्या टीमनं स्पेनला २-१ नं हरवून ब्रॉंझ घेतलं तेव्हा? त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या स्टेटसवर श्रीजेश होता. ज्याला पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तोही 'चक दे' टाकून मोकळा झाला होता.

आता पुढचं. जून २०२५. तीच टीम, तोच कॅप्टन हरमनप्रीत सिंग, तोच कोच क्रेग फुल्टन. प्रो लीगसाठी टीम युरोपात गेली आणि एकामागोमाग एक अशा सात मॅचेस हरली. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम... सगळ्यांनी धुतलं. शेवटच्या मॅचमध्ये बेल्जियमला ४-३ नं हरवून कशीबशी लाज राखली. नऊ टीम्समध्ये आपला नंबर आठवा. महिलांची टीम तर तळाला जाऊन प्रो लीगच्या बाहेरच पडली.

मग जे व्हायचं तेच झालं. 'ह्यांच्यात दमच नाही', 'ब्रॉंझ लकमध्ये मिळालं होतं', 'सगळ्यांना काढून टाका'. खरी गंमत पुढे आहे. सातपैकी सहा मॅचेस आपण एकेका गोलनं हरलो होतो. आणि सप्टेंबरमध्ये ह्याच टीमनं राजगीरला आशिया कपच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाला ४-१ नं हरवलं आणि २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. म्हणजे वर्षभरात ब्रॉंझ, सात पराभव आणि आशिया कप! फॅनचं बीपी वरखाली झालं तर त्यात नवल काय?

आठ गोल्डचं ओझं

हॉकीच्या फॅनचा राग क्रिकेटच्या फॅनपेक्षा वेगळा असतो, कारण त्याच्या पाठीशी आजोबा उभे असतात! १९२८ ते १९८० या काळात भारतानं हॉकीत आठ ऑलिम्पिक गोल्ड जिंकली. १९७५ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ नं हरवून वर्ल्ड कप घेतला, तो आपल्याकडं लोकांनी रेडिओला कान लावून ऐकला. 'आमच्या वेळी हॉकी म्हणजे...' हे वाक्य चिखली असो, मेहकर असो की खामगाव, प्रत्येक घरात एकदा तरी ऐकलेलं असतं. त्यामुळं आपण मॅच बघायला बसतो तेच मुळी गोल्डच्या हिशेबानं.

पण त्या वर्ल्ड कपनंतर एकाच वर्षात सगळा डाव पालटला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि आपण थेट सातव्या नंबरवर गेलो. गवतावर बॉल उसळतो, दबतो, अडतो. तिथं मनगटाची जादू चालायची. टर्फवर बॉल सुसाट पळतो, पास लांब जातात आणि खेळ फुप्फुसांचा होतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियाची पोरं शाळेपासून टर्फवर वाढली. आपली पोरं गवतावर नाहीतर मुरुमावर शिकायची आणि टर्फ बघायची ती मोठी झाल्यावर, कॅम्पला बोलावणं आल्यावर. एक टर्फ बसवायचं म्हणजे खर्च कोटींच्या घरात, वर त्याला पाणी मारत राहावं लागतं ते वेगळंच.

शेवटचं गोल्ड आलं १९८० ला, मॉस्कोत. त्यानंतर मेडलसाठी थेट टोकियोची वाट बघावी लागली. ते मेडल हातात पडलं ऑगस्ट २०२१ मध्ये. एक्केचाळीस वर्षं! ह्या काळात जन्मलेल्या पिढीनं गोल्ड बघितलंच नाही, पण गोल्डची अपेक्षा मात्र वारशात मिळाली.

आधी व्हिलन शोधा

अपेक्षा मोडली की आपल्याला माणूस लागतो. दोष द्यायला. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या फायनलमध्ये पाकिस्ताननं आपल्याला ७-१ नं हरवलं. गोलकीपर होता मीररंजन नेगी. सात गोल झाले म्हणजे डिफेन्स कुठं होता, मिडफिल्ड काय करत होतं, हे प्रश्न कुणालाच पडले नाहीत. नेगीनं लाच खाल्ली, इथपर्यंत मजल गेली. त्याचं करिअर तिथंच आटोपलं. सोळा वर्षांनी, १९९८ ला बँकॉकमध्ये एशियाडचं गोल्ड आलं तेव्हा हाच नेगी टीमच्या गोलकीपर्सचा कोच होता. २००७ मध्ये 'चक दे! इंडिया' आला आणि अख्खा देश कबीर खानसाठी रडला. खऱ्या नेगीच्या वेळी मात्र डोळ्यांत पाणी नव्हतं, तोंडात शिव्या होत्या.

'ती जुनी गोष्ट झाली, आता पब्लिक बदललंय,' असं वाटतंय? मग टोकियो आठवा. महिलांची टीम पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली. वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक मारली. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. काही दिवसांनी सेमीफायनल हरलो, तर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून तिच्या घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्याची तक्रार पोलिसांत गेली. अटकाही झाल्या. ह्याला फ्रस्ट्रेशन म्हणायचं? नाही बॉस, ह्याला दुसरं नाव आहे.

खडकीचा एक पोरगा काय काय करणार?

दोष द्यायला एक माणूस लागतो, तसाच आशा ठेवायलाही एकच लागतो. नव्वदच्या दशकात तो होता धनराज पिल्ले. पुण्याच्या खडकीतला, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. घरची परिस्थिती अशी, की भावंडं मोडक्या स्टिक्स बांधून खेळायची. पुढे हाच पोरगा चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार एशियाड खेळला.

'धनराज आहे ना, मग टेन्शन नाय' हा त्या काळचा ठरलेला डायलॉग. पण २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये पोलंडला हरवलं की सेमीफायनल पक्की, अशी वेळ आली आणि मॅच संपायला दोन मिनिटंही उरलेली नसताना पोलंडनं १-१ केलं. खेळ खल्लास. २००४ च्या अथेन्समध्ये पस्तिशी ओलांडलेला धनराज आपलं चौथं ऑलिम्पिक खेळला आणि टीम सातवी आली. चार ऑलिम्पिक, मेडल शून्य.

मग हा माणूस फेल गेला असं म्हणायचं? बँकॉकचं १९९८ चं एशियाड गोल्ड त्याच्याच कॅप्टनशिपमध्ये आलं होतं. ३२ वर्षांनी! आणि त्याचं बक्षीस काय, तर त्यानंतर धनराजसकट अनेक सीनियर्सना टीममधून वगळलं गेलं. टार्गेट पूर्ण केल्यावर तुमच्या बॉसनं तुम्हाला घरी बसवलं तर कसं वाटेल?

बालेवाडीतला संप

तुमच्याआमच्यासारख्या नोकरदारांनी हॉकीतली एक गोष्ट पाठ करावी, तर ती जानेवारी २०१० ची. बुलढाण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला येऊन हिंजवडीत नोकरीला लागलेल्या कितीतरी पोरांना बालेवाडीचं स्टेडियम रोज जाता-येता दिसतं. तिथंच भारतीय टीमचा कॅम्प लागला होता. दिल्लीतला वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आला होता. आणि खेळाडूंनी सरावाला नकार दिला!

कारण? पैसे. त्यांचे मानधनाचे पैसे थकले होते. मागणी होती माणशी साडेचार लाखांची, हॉकी इंडियाची ऑफर होती माणशी २५ हजारांची. कॅप्टन राजपाल सिंग आणि सगळी टीम एकत्र उभी राहिली. 'देशासाठी खेळता की पैशासाठी?' असंही विचारलं गेलं. पण विचार करा, कंपनीच्या सर्वांत मोठ्या प्रोजेक्टच्या तोंडावर तुमचे पैसे अडकले आणि एचआरनं देशभक्तीवर लेक्चर दिलं, तर तुम्ही काय कराल? त्या वेळी लोकांची मोठी सहानुभूती खेळाडूंच्या बाजूनं गेली, स्पॉन्सरनं कोटीभर रुपये दिले आणि संप मिटला. वर्ल्ड कपमध्ये पहिल्याच मॅचला पाकिस्तानला ४-१ नं लोळवलं आणि शेवटी आठवा नंबर आला. आठव्या नंबरबद्दल शिव्या पडल्या त्या खेळाडूंनाच.

त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २००८ मध्ये, चिलीतल्या सँटियागोला ग्रेट ब्रिटननं २-० नं हरवल्यावर १९२८ नंतर पहिल्यांदा आपण ऑलिम्पिकलाच मुकलो होतो. कोच होते मुंबईचे ज्योकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. २०१२ च्या लंडनला गेलो आणि सगळ्या मॅचेस हरून बारापैकी बारावे आलो. टर्फ, मानधन, संघटनेतली भांडणं ह्या सगळ्यांचा निकाल स्कोअरबोर्डवर लागत होता, पण स्कोअरबोर्डखाली उभी होती ती पोरं.

मग खेळाडूंना काही बोलायचंच नाही?

असं कोण म्हणतंय? हक्कानं बोला! शेवटच्या दोन मिनिटांत गोल खायची सवय अजून पूर्ण सुटलेली नाही, त्यावर बोला. पेनल्टी कॉर्नर मिळूनही गोल होत नाही, त्यावर बोला. पॅरिसमध्ये एकट्या हरमनप्रीतनं दहा गोल मारले. मग फॉरवर्ड्सचं काय, हा रास्त प्रश्न आहे. जानेवारी २०२४ मध्ये रांचीत, घरच्या मैदानावर, जपानकडून १-० नं हरून महिलांची टीम पॅरिसला मुकली. टोकियोत चौथी आलेली टीम तीन वर्षांत इथं कशी आली, हे विचारायलाच हवं. फक्त प्रश्न फिटनेस, सिलेक्शन, कोचिंग ह्यांवर असू द्या. आई-बहिणीवर आणि जातीवर नको.

आणि थोडं स्वतःलाही विचारा. हॉकी इंडिया लीगमध्ये २०१३ ला मुंबई मॅजिशियन्स तळाला राहिली. २०१७ ला दबंग मुंबई फायनलला गेली आणि कलिंगा लान्सर्सकडून ४-१ नं हरली. मग लीगच बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यात महाराष्ट्राची एकही टीम नव्हती. तुमच्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं होतं?

आपल्या भागातून कोण जाणार?

'छोट्या गावातून काय होणार?' हा प्रश्न बुलढाणेकरांनी तरी विचारू नये. आपला प्रथमेश जवकार तिरंदाजीत हांगझोऊ एशियाडला, २०२३ मध्ये, कंपाउंड टीमचं गोल्ड घेऊन आला. हॉकीतही रस्ता बंद नाही. यवतमाळचा आकाश चिकटे २०१७ मध्ये भुवनेश्वरला भारताचा गोलकीपर होता आणि वर्ल्ड लीग फायनल्सच्या क्वार्टरफायनलमध्ये बेल्जियमविरुद्धच्या शूटआउटचा हिरो ठरला. सातारा जिल्ह्यातल्या फलटण भागातून आलेल्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून थेट भारताच्या सीनियर टीममध्ये पोचल्या. शेतकऱ्यांच्या घरातली, एसटीनं फिरणारी पोरं-पोरी आहेत ही. हरल्यावर आपण ज्यांना शिव्या घालतो ते परके कुणी नसतात, आपल्याच शेजारच्या आळीतले असतात.

अपेक्षा ठेवा, पण अशा!

• वर्षातून चार तरी मॅचेस पूर्ण बघा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर्स, म्हणजे एका सिनेमापेक्षा कमी वेळ. नुसता स्कोअर बघून मत देऊ नका.

• पराभव कितीनं आणि कुणाकडून झाला ते बघा. एका गोलनं ऑस्ट्रेलियाकडून हरणं आणि लंडनसारखं बारावं येणं ह्यात फरक आहे.

• दोष एकट्याला देऊ नका, भार एकट्यावर टाकू नका. टीममध्ये अकरा जण असतात आणि मागं अख्खी संघटना.

• दिवाळीला गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत विचारा, हॉकीच्या स्टिक्स आहेत का? नसतील तर मित्रांनी मिळून डझनभर घेऊन द्या. एका वीकएंडच्या पार्टीचा खर्च वाचवला तर सहज जमेल.

पुढच्या वेळी टीम हरली की नक्की चिडा. फक्त चिडायच्या आधी शेवटची मॅच पूर्ण कधी बघितली होती, तेवढं आठवून घ्या!