उलाळ न होणारी मोटारवाहक गाडी

सहस्रकुंडाच्या वाटेवर एखादी मारुती 800 बंद पडली, तर तिला नांदेडला न्यावे कसे? दोर बांधून ओढावी, हे उत्तर सोपे आहे. परंतु जिच्या चाकांत किंवा गिअरपेटीतच बिघाड आहे, तिला ओढणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. तिला पाठीवर घेणारी सपाट पाट्याची गाडी हवी. अशा गाडीची लहान प्रतिकृती इस्लापुरात बसून कशी करावी, आणि तिचा जोर पुढच्या चाकांना का द्यावा, एवढाच आमचा विषय आहे.

आपल्याकडच्या बहुतेक मालमोटारींचे इंजिन पुढे, तर जोर मागच्या चाकांना असतो. मधून लांब शाफ्ट जातो, मागे डिफरन्शिअलचा गोळा असतो. साहजिकच पाटा या साऱ्यांच्या वर चढवावा लागतो. जोर पुढेच दिला की मागची दोन चाके नुसती आपापल्या खुंट्यांवर फिरतात, आणि पाटा त्यांच्यामधून खाली उतरवता येतो. फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीची 1947 ची एच व्हॅन याच युक्तीने बुटक्या तळाची झाली.

आपण 1:25 हे प्रमाण धरू. 90 सेंटीमीटर उंचीचा पाटा प्रतिकृतीत 36 मिलिमीटरांवर येतो. 35 सेंटीमीटरांचा 14 मिलिमीटरांवर. मोटार चढवण्याच्या फळीचा चढ सहाला एक ठेवायचा, तर पहिल्या पाट्याला 216 मिलिमीटरांची फळी लागते, दुसऱ्याला 84 पुरते.

सांगाड्यासाठी सुताराकडे पडलेले सागाचे तुकडे उत्तम. किनवटच्या जंगलाशेजारी राहून साग विकत आणण्यात काय अर्थ? मात्र पाठीवरची मोटार भरीव सागाची करू नये. इथे पुष्कळांची फसगत होते. लांबी पंचविसाव्या हिश्शाने उतरते, पण वजन 25 गुणिले 25 गुणिले 25, म्हणजे 15,625 व्या हिश्शाने उतरले पाहिजे. मारुतीचे सुमारे 650 किलो म्हणजे प्रतिकृतीत अवघे 42 ग्रॅम! भरीव लाकडाची मोटार सहज याच्या चौपट भरते. ती आतून कोरावी, नाहीतर पुठ्ठ्याची करावी.

चौपटीने बिघडते काय, हे बैलगाडी हाकणाऱ्याला सांगायला नको. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. इथे बैलांच्या जागी पुढची चाके आहेत, आणि ती उचलली गेली की जागच्या जागी फिरू लागतात. वाहक गाडी रिकामी अडीच टनांची मानली, तर प्रतिकृतीत 160 ग्रॅम. त्यांपैकी 96 पुढे ठेवू. दोन्ही आसांमधले अंतर 16 सेंटीमीटर असू द्या. मोटारीचा भारमध्य मागच्या आसाच्या 4 सेंटीमीटर मागे पडला, तर 42 ग्रॅमांची मोटार पुढचा साडेदहा ग्रॅम भार हलका करते. चौपट जड मोटार 42 ग्रॅम उचलते. एकूण 328 ग्रॅमांपैकी पुढे उरतात 54, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. उलट, योग्य वजनाची मोटार आसाच्या 2 सेंटीमीटर पुढे घेतली की निम्मा भार पुढच्या चाकांवर येतो. मारुतीचे इंजिन पुढे असल्याने तिला तोंडाकडून चढवावे, हेही त्यातूनच निघते.

वळणारी चाकेच फिरवायची, ही खरी अडचण. मोठ्या गाडीत तिथे सांधे असतात. लहानीत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दोन दांड्यांमध्ये घट्ट बसवली तर काम भागते. विजेची मोटर आणि सेल पुढच्या आसाजवळच ठेवावेत.

मग एक फळी एका टोकाने हळूहळू उचलून गाडी तिच्यावर चढवावी, आधी रिकामी, मग भरलेली, आणि चाके कोणत्या उंचीला घसरली ते लिहून ठेवावे. भरलेली गाडी सरळ चढेना, तर उलटी फिरवून मागे मागे चढवून पाहावी. आता पुढची चाके उताराच्या बाजूला येऊन भार त्यांच्यावर सरकतो आणि तीच गाडी अधिक उंच जाते.