न झालेल्या पेपरची उजळणी

दहावीच्या २०२०च्या वेळापत्रकात बहुतेकांसाठी शेवटची ओळ भूगोलाची होती. सोमवार, २३ मार्च, सकाळी ११ ते १. सामाजिक शास्त्रे, पेपर दुसरा, गुण ४०. ३ मार्चला प्रथम भाषेने सुरू झालेली परीक्षा इतिहासाच्या पेपरपर्यंत रीतसर पार पडली. शनिवारी, २१ तारखेला, तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी करोनाच्या साथीमुळे भूगोलाचा पेपर पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. रविवारी जनता कर्फ्यू लागला. सोमवारपासून राज्यात संचारबंदी आली, मंगळवारी रात्री देशभरच्या टाळेबंदीची घोषणा झाली. १२ एप्रिलला उरलीसुरली आशाही गेली, पेपर रद्दच झाला. परीक्षेसाठी राज्यभरातून साडेसतरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. त्यांच्यासाठी छापलेली भूगोलाची प्रश्नपत्रिका परीक्षेच्या खोलीत कधी उघडलीच नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात आणि आजूबाजूच्या गावांत त्या वर्षी दहावीला असलेली मुलं आता विशी ओलांडून गेली आहेत. कुणी नागपूर-पुण्याला आहे, कुणी घरच्या वावरात. दहावीच्या प्रत्येक तुकडीच्या आठवणी निरोप समारंभ, सरांचा मार, शेवटच्या पेपरनंतरचा गोंधळ अशा ठरलेल्या वळणांनी जातात. २०२०च्या तुकडीला यातलं शेवटचं वळण मिळालं नाही. पेपर सुटल्यावर पॅड हातात घेऊन केंद्राच्या फाटकाबाहेर येणं, ‘सुटलो एकदाचे’ म्हणणं, शेवटचा चहा-समोसा, हे काहीच झालं नाही. इतिहासाच्या पेपरनंतर ‘सोमवारी भेटू’ म्हणून वेगळे झालेले वर्गमित्र त्यानंतर कित्येक महिने भेटले नाहीत. त्यांच्या आठवणीत भूगोल हा विषय असा कायमचा अर्धवट राहिला आहे.

उजळणी मात्र झाली होती.

भूगोलाच्या उजळणीची एक स्वतंत्र रीत आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदललेली नाही. गणित-विज्ञानाला महिने द्यायचे, इंग्रजीला घाम गाळायचा आणि भूगोलाला शेवटचा दिवस ठेवायचा. ‘भूगोल काय, एका दिवसात होऊन जाते’, हे वाक्य विदर्भातल्या दहावीच्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. मग त्या एका दिवसात सगळं बाहेर निघतं: गाईड, ‘२१ अपेक्षित’चा प्रश्नसंच, भारताच्या आराखड्याचं स्टेन्सिल, टोक काढलेल्या रंगीत पेन्सिली. आधी ‘भौगोलिक कारणे लिहा’, मग फरक, मग टिपा. आणि रात्री डोळे मिटायला लागले की नकाशा. नकाशाला सूची आणि खुणा द्यायच्या, हे प्रत्येक सर शंभर वेळा सांगतात, कारण ठिकाण अचूक दाखवूनही सूची न दिल्याने गुण जातात. २०२०च्या तुकडीचा हा उजळणीचा दिवस म्हणजे तो जनता कर्फ्यूचा रविवार. पेपर लांबल्याची बातमी आदल्या दिवशीच आली होती, तरी ३१ मार्चनंतर तो कधीही होईल म्हणून पुस्तक मिटायची सोय नव्हती. संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या, तेव्हा कितीतरी घरांत ब्राझीलचा नकाशा उघडाच होता.

ब्राझीलचा, कारण २०१८पासून बालभारतीच्या दहावीच्या भूगोलाने नवीच वाट धरली होती. त्याआधी बराच काळ हा पेपर ‘भूगोल व अर्थशास्त्र’ असा जोडनावाने येत असे. नव्या पुस्तकात अर्थशास्त्र वेगळं निघालं आणि भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना सुरू झाली. स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती व प्राणी, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, पर्यटन आणि वाहतूक असा प्रत्येक पाठ दोन्ही देश शेजारी ठेवून शिकायचा. दोन्ही देश मोठे, दोन्हींवर परकी सत्ता होऊन गेलेली. एक १८२२ साली स्वतंत्र झालेला, दुसरा १९४७ साली. पाठांतरावर पोसलेल्या शाळांना हे पुस्तक सुरुवातीला जड गेलं. आलेख वाचा, दोन नकाशे ताडून पाहा, अनुमान काढा, असे प्रश्न गाईडातल्या उत्तराने सुटत नाहीत. तरीही अलीकडच्या काळात राज्याने काढलेल्या चांगल्या पाठ्यपुस्तकांत त्याची गणना करावी लागेल.

त्या पुस्तकामुळे नाचणगावच्या मुलाला ‘पांतानाल’ची पाणथळ जमीन ठाऊक झाली. ईशान्य ब्राझीलमधला ‘अवर्षण चतुष्कोन’ पाठ झाला, रिओ-साओ पावलोजवळच्या ‘फॅवेला’ वस्त्या कळल्या. ब्राझीलमध्ये एकाहून अधिक प्रमाणवेळा आहेत, भारतात एकच, हेही कळलं. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ती ब्राझिलियाच्या साडेआठ तास पुढे आहे. २३ मार्चला ११ वाजता पेपर सुरू झाला असता, तर तिथे रात्रीचे अडीच वाजलेले असते.

आता हेच गणित घराजवळ आणून पाहावं. नाचणगाव साधारण ७८ अंश २० मिनिटं पूर्व रेखावृत्तावर आहे. प्रमाण रेखावृत्तापासूनचं अंतर ४ अंश १० मिनिटं, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे इथली स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे १७ मिनिटं मागे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा नाचणगावच्या सरासरी सौर माध्यान्हाला तेवढा अवकाश असतो. अक्षवृत्त सुमारे २० अंश ४० मिनिटं उत्तर, म्हणजे गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात एकेक दिवस असा येतो की माध्यान्हाला शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली नाहीशी होते. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेलं असतं, ही अडचण खरी. पण पुस्तकातली आकृती गावच्या मैदानात उतरवण्याची ही संधी दरवर्षी दोनदा येते.

मागे वळून पाहिलं तर दहावीच्या या परीक्षेचं वयही फार नाही. १९५६पर्यंत वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०पासून महाराष्ट्रात. राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ला स्थापन झालं आणि इथल्या शाळा त्याच्या नागपूर विभागात आल्या. बालभारती २७ जानेवारी १९६७ची. अकरावीचं मॅट्रिक जाऊन नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा मार्च १९७५मध्ये झाली. म्हणजे आजोबा ‘अकरावी मॅट्रिक’, वडील ‘दहावी, भूगोल व अर्थशास्त्र’ आणि नातू ‘भारत-ब्राझील’, अशा तीन तऱ्हा एकाच घरात सापडतात. नातवाला आपला जिल्हा शिकवला गेला तो प्रामुख्याने तिसरीत. वर्धा जिल्ह्याचं पुस्तक आठ वर्षांच्या मुलाच्या हातात पडतं. पुढे राज्य, देश, खंड, जग अशी वर्तुळं मोठी होत जातात आणि दहावीपर्यंत जिल्हा बराच मागे पडलेला असतो. समजायला लागण्याच्या वयात जिल्हा पुन्हा समोर यायला हवा होता. तसं होत नाही, ही आपल्या भूगोल शिक्षणातली मोठी उणीव आहे.

हे वर्धा जिल्ह्यात घडावं याचं वाईट वाटतं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिच्या आधाराने जी ‘वर्धा योजना’ आखली, तिच्यात हस्तोद्योग केंद्रस्थानी होता. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र आणून त्यांची सुरुवात मुलाच्या परिसरापासून करायची होती. परिसर हेच पहिलं पुस्तक, हा विचार ज्या जिल्ह्यातून देशभर गेला, तिथल्या मुलाला आपली नदी कुठून येते हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

आणि ही नदी विचारण्याजोगी आहे. वर्धा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई परिसरात उगम पावते. तापीचा उगमही मुलताईचाच. एकाच भागातून निघालेली एक नदी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, दुसरी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोचते. जलविभाजक समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही. पुलगावजवळच्या वर्धेच्या पुलावरून गाडी पलीकडे गेली की अमरावती जिल्हा लागतो, म्हणजे नैसर्गिक सीमाही मुलांनी रोज पाहिलेली असते. पायाखालची कापसाची काळी माती बेसाल्टची झीज होऊन झालेली आहे. ‘रेगूर मृदा’ म्हणून तिच्यावर टीप लिहिणाऱ्या मुलाच्या चपलेला पावसाळ्यात तीच चिकटलेली असते. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ला नागपूरपर्यंत पोचला, आणि कापसाच्या या पट्ट्यात पुलगाव गिरणीचं गाव आणि बाजारपेठ म्हणून वाढलं. १८६२ला नागपूरपासून वेगळा काढलेल्या वर्धा जिल्ह्याचं पहिलं ठाणंदेखील पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ला ते पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्ध्याला, हललं.

रद्द झालेल्या पेपरचे गुण शेवटी सरासरीने दिले गेले. इतर विषयांच्या लेखी परीक्षेत जे मिळालं, त्याच्या प्रमाणात भूगोलाचे गुण. संकटकाळात दुसरा मार्ग काढणं सोपं नव्हतं हे मान्य करूनही, या सरासरीने कुणाचं काय गेलं ते नीट पाहायला हवं. इंग्रजी आणि गणितात जेमतेम तगणारी, पण नकाशा, आलेख, कारणं यांत रमणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी भूगोल हा वर यायचा विषय. त्या वर्षी त्यांना भूगोलातही इंग्रजी-गणिताने खाली ओढलेल्या सरासरीचे गुण मिळाले. उलट भूगोल कधी उघडून न पाहिलेल्या हुशार मुलाला तो आयता मिळाला. २९ जुलैला निकाल लागला, ९५.३० टक्के. आदल्या वर्षी अंतर्गत गुण काढून घेतल्यामुळे निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला होता, त्यामुळे २०२०च्या आकड्याचं कौतुक झालं आणि थोडी शंकाही घेतली गेली. त्या गर्दीत भूगोलात चांगल्या असलेल्या मुलांचं दुःख कुणाला दिसलं नाही.

२०२१ला तर परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. २०२२ला लेखी परीक्षा परतली ती पाऊण अभ्यासक्रमावर, बऱ्याच मुलांना आपल्याच शाळेत केंद्र मिळून आणि ४० गुणांच्या पेपरला १५ मिनिटं जास्त देऊन. भूगोल पुन्हा शेवटीच आला. दोन वर्षं मोबाइलच्या पडद्यावर शिकलेल्या त्या मुलांना नकाशा हाताने भरायची सवय राहिलेली नव्हती. पडद्यावर नकाशा बोटांनी मोठा करता येतो, कागदावर त्यात सूची भरावी लागते.

दहावीच्या या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ आहे. त्यात मुलं नळदुर्गहून अलिबागला जातात. वाटेत भूरूपं, पिकं, वस्त्या पाहतात, प्रश्न विचारतात, अहवाल लिहितात. तो नमुना आहे, प्रत्येक शाळेने आपापली भेट आखावी म्हणून दिलेला. नाचणगावच्या शाळांसाठी अशी भेट पुलगाव ते आर्वी या वाटेवर आखता येईल. १९१७ची अरुंदमापी रेल्वे, जिच्या रुळांमधलं अंतर अवघं ७६२ मिलिमीटर, या दोन गावांना जोडत असे. ‘शकुंतला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वऱ्हाडातल्या गाड्यांच्या कुळातली ती. गाडी केव्हाच थांबली. ही रेल्वे कापसासाठी का घातली, मग रस्ता झाल्यावर ती का मागे पडली, हा वाहतुकीच्या पाठातला प्रश्न इथे डोळ्यांसमोर सोडवता येतो. विरूळ, रोहण्याच्या बाजूने वर जाताना डाव्या हाताला वर्धेचं खोरं सोबत असतं. नदीपलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, म्हणजे पर्यटनाचा पाठही झाला. आर्वीकडे सरकताना कपाशी-तुरीच्या जोडीला संत्र्याच्या बागा कुठे सुरू होतात, तिथली माती आणि विहिरी कशा आहेत, हे वहीत टिपायचं.

याच भागात धनोडीला निम्न वर्धा प्रकल्पाचं धरण आहे. तिथे शेतकऱ्यांना विचारायचे प्रश्न मुलांनी स्वतः तयार करावेत: या धरणाखाली कुणाची गावं गेली, कालवा कुठवर पोचला, कुणाच्या वावराला पाणी मिळतं आणि कुणाचं अजून पावसावरच आहे, पाणी आल्यापासून पीक बदललं का. एक शनिवार, एक एसटी आणि तालुक्याचा नकाशा एवढ्यावर हे होण्यासारखं आहे. २०२०च्या तुकडीतल्या ज्यांना जमेल त्यांनी त्या मुलांसोबत जायला हरकत नाही.