दोन छाटण्यांची शेनिन

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी, आंजे शहराजवळ, साव्हेनियेर नावाचा छोटासा वाईनचा टापू आहे. १९५२ साली या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. अट एकच मोठी: वाईन पांढरी, आणि ती फक्त शेनिन ब्लां द्राक्षाची. हेक्टरी किती माल काढायचा, हेही ठरलेलं. त्यातला कुले द सेराँ हा मळा जेमतेम सात हेक्टरांचा, पण त्याचा तोरा असा की त्याला स्वतःचं वेगळं नाव आहे.

आपल्याकडे दादर-परळच्या दुकानांत मिळणारी शेनिन मात्र बहुतेक नाशिकची असते. राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून १९९७च्या सुमारास गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन लावली. त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाईन २००० साली आली. पुढच्याच वर्षी राज्याचं वाईन धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. २०१०-११मध्ये ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

खरी गंमत बागेत आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपतो, वर्षातून एकदा छाटतात, पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात. नाशिकचा वेल झोपतच नाही, म्हणून त्याला दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी: ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून बाकी सगळं साफ. मग नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या त्या लख्ख उन्हातच काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजं तयार होतात. ऊन कमी पडलं की पुढे वांझ काड्या निघणार, हे बागायतदाराला पक्कं ठाऊक असतं. पावसाळा नुसता पानं आणि डावणी रोग सांभाळण्यात जातो. पाऊस ओसरला की गोडी छाटणी, मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट. थंडीत निफाडचा पारा पार खाली उतरतो, घड भरतात, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. मार्चचं ऊन तापलं की द्राक्षातला आंबटपणा भराभर उतरतो, म्हणून तोडणी पहाटेच उरकलेली बरी.

त्यामुळे साव्हेनियेरची वाईन करकरीत, वर्षानुवर्षं मुरणारी. नाशिकची फळाळ, बरेचदा किंचित गोडसर, थंडगार करून वर्ष-दोन वर्षांत संपवायची. तिला कमी लेखायचं कारण नाही. माझी तक्रार लेबलाशी आहे. कंपनीचं नाव ठळक, पण द्राक्ष दिंडोरीचं की निफाडचं, याचा बहुधा पत्ता नाही. मग मानांकनाचा गिऱ्हाइकाला उपयोग काय?

जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्यावर रान उठलं आणि तो कागदावरच राहिला. तेव्हा लालबागला शेनिन हवी तर अजूनही बियरच्या रांगेतच उभं राहायचं. सोबत कुरकुरीत तळलेले बोंबील घ्यावेत. सुक्क्या मटणाच्या तिखटापुढे तिची डाळ शिजत नाही.