रुळांवरचे भय : छोट्या आगगाड्यांतील भुताळी डबे

आगगाडीइतकी मोजमापाच्या अमलाखाली नांदणारी, वेळापत्रक, सिग्नल आणि लाल-हिरवी निशाणे यांच्या हुकुमाबाहेर एक पाऊलही न टाकणारी दुसरी यंत्ररचना एकोणिसाव्या शतकाने क्वचितच निर्माण केली असेल. आणि तरीही ज्या ज्या मुलखात लोहमार्ग पोचला, त्या त्या मुलखातील लोकांनी पिढीदीडपिढीच्या आत बोगदे, पूल, ओसाड स्थानके आणि रात्रपाळीचे रखवालदार यांच्याभोवती भुताखेतांच्या कथांचे जाळे विणले. नियमाचे हे कडेकोट राज्य आणि त्याच्याच हद्दीत वस्तीला आलेले हे भय यांचे नाते मला फार जवळचे वाटते, आणि त्याची सर्वांत स्पष्ट साक्ष घरातल्या मेजावर धावणाऱ्या छोट्या आगगाड्यांच्या छंदात, त्यातही त्या छंदातील प्रतिष्ठित मंडळी ज्यांच्याकडे काहीशा उपेक्षेने पाहतात त्या भुताळी डब्यांत मिळते.

हा छंद मुळात प्रमाणबद्धतेचा छंद आहे. त्यातील सर्वांत रूढ प्रमाण 'एचओ' हे, म्हणजे मूळ वस्तूच्या ८७व्या हिश्शाएवढे. त्याच्या दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. आपला रुंद लोहमार्ग १६७६ मिलिमीटरांचा असल्यामुळे त्याला ८७ने भागले असता १९ मिलिमीटरांहून किंचित अधिक अंतर येते, आणि म्हणून कल्याण-कसारा मार्गावरील गाडीची प्रतिकृती बाजारी रुळांवर उभी करू पाहणाऱ्या छांदिष्टाला आरंभीच पावणेतीन मिलिमीटरांची तडजोड पत्करावी लागते. या पावणेतीन मिलिमीटरांसाठी रात्री जागवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या निष्ठेविषयी मला मनापासून आदर वाटतो. परंतु अशा काटेकोर मांडणीवर जेव्हा अंधारात हिरवट तेजाने उजळणारा, खिडकीतून सांगाडा डोकावणारा किंवा आतल्या आत भुते फिरवणारा एखादा डबा येतो, तेव्हा त्या साऱ्या हिशेबाला एक विलक्षण आव्हान मिळते. कारण या डब्याला मूळच नाही, आणि ज्याला मूळ नाही त्याला कोणत्या संख्येने भागावे, याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात नाही.

या डब्यांचे कुळ पाहू गेल्यास ते अमेरिकेत सापडते. जोशुआ लायनेल कोवेन याने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये लायनेल हा कारखाना काढला, आणि त्याची पहिली गाडी ही दुकानाच्या दर्शनी काचेमागे माल मिरवत फिरणारी, विजेवर चालणारी एक उघडी लाकडी पेटी होती. गिऱ्हाइके आतला माल सोडून ती पेटीच मागू लागली, अशी कथा सांगतात. कथा शब्दशः खरी असो वा नसो, या छंदाचा जन्म नवलाईच्या पोटी झाला, ही गोष्ट तिच्यातून उघड होते, आणि हुबेहूबपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी ती विसरू नये. पुढे १९४७मध्ये याच कारखान्याने दुधाचा डबा काढला. त्याचे दार उघडून एक इटुकला गवळी दुधाचे कॅन एकामागून एक फलाटावर ढकलत असे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मोटारगाडी आणि विमान यांनी मुलांच्या मनातले रेल्वेचे स्थान हिरावून घेण्यास आरंभ केला, तेव्हा कारखान्याच्या कारागिरांनी आपली सारी कल्पकता अशा हलत्या डब्यांत ओतली. १९५९चा मत्स्यालयाचा डबा, पूल येताच मान खाली घालणारा जिराफ, धावत्या डब्यात एकमेकांना चुकवत डोकी वर काढणारे शेरीफ आणि दरोडेखोर, हे सारे त्याच चार-पाच वर्षांतले. आज हॅलोवीनच्या सणासाठी लायनेल आणि जर्मनीतील मेर्क्लिन यांच्यासारखे कारखाने जे भुताळी डबे काढतात, त्यांतील हलते डबे बहुतांशी याच यंत्रांचे वंशज होत.

या यंत्रांच्या रचनेवर क्षणभर थांबणे मला अगत्याचे वाटते, कारण त्यांचे सौंदर्य त्यांच्या काटकसरीत आहे. मत्स्यालयाच्या डब्यात ना पाणी असते ना मासे. दोन उभ्या, फिरत्या नळकांड्यांभोवती मासे रंगवलेली पारदर्शक फीत गुंडाळलेली असते, मध्ये दिवा असतो, आणि फीत सरकू लागली की काचेमागे मासे पोहत गेल्याचा भास होतो. शेरीफ आणि दरोडेखोर यांना स्वतंत्र मोटारही लागत नाही. चाकाच्या आसावर बसवलेला एक तिरका दांडा चाक फिरेल तसा दोन्ही पुतळ्यांना आळीपाळीने वर ढकलतो, म्हणजे गाडी थांबली की भांडणही थांबते. जिराफाला मान लववण्यास रुळाशेजारचा एक अडसर पुरतो. फितीवरच्या माशांच्या जागी भुते काढली, पुतळ्यांच्या जागी सांगाडे बसवले, की तेच यंत्र भीतीचे होते. आणि जे चाक गाडी पुढे नेते तेच भूतही नाचवते, ही गोष्ट पाहणाऱ्याला ठाऊक असूनही त्याचा आनंद उणावत नाही, उलट वाढतो. भय जिथे यंत्राच्या आज्ञेत असते, तिथेच ते उपभोगता येते, हा या डब्यांच्या लोकप्रियतेचा गाभा आहे, अशी माझी धारणा झाली आहे. वाड्यातले भूत केव्हा येईल याचा नेम नसतो. रुळावरचे भूत दर फेरीला, ठरल्या अंतराने, बोगद्याच्या त्याच तोंडातून बाहेर येते, आणि कळ दाबताच जागच्या जागी उभे राहते.

मोठ्या रेल्वेनेही या डब्यांना पुरेसा पूर्वज-परिवार पुरवला आहे. ज्या १८५४ साली लोहमार्ग ठाण्यापुढे येऊन कल्याणास पोचला, त्याच साली लंडनमध्ये वॉटर्लूपासून ब्रुकवुडच्या दफनभूमीपर्यंत प्रेतांची नेमाने वाहतूक करणारी खास गाडी सुरू झाली. तिच्यात शोक करणाऱ्यांप्रमाणे शवपेट्यांनाही वर्ग होते, आणि पेटीचे तिकीट अर्थातच एकेरी असे. १९४१च्या एप्रिलमध्ये तिचे लंडनमधील स्थानक बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले तेव्हा ती व्यवस्था संपली. चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टच्या भीषण अपघातातून वाचला, आणि त्यानंतरच्याच वर्षी त्याने आपल्या नियतकालिकाच्या नाताळ अंकात सिग्नलवाल्याची ती प्रसिद्ध भूतकथा लिहिली. उत्सवाच्या विशेषांकात भयकथा छापण्याची वहिवाट आपल्या दिवाळी अंकांनीही, १९०९च्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेल्या आपल्या दीर्घ परंपरेत, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यासारख्या लेखकांच्या बळावर थाटाने चालवली. सणाच्या दिव्यांपाशी बसून अंधाराविषयी वाचण्याची ही ओढ दोन्हीकडे सारखीच दिसते. पुढे १९२३मध्ये आर्नल्ड रिडली याने 'द घोस्ट ट्रेन' हे नाटक लिहिले. १९३०मध्ये ब्लॅकपूलच्या करमणूक-उद्यानाने अंधारातून धावणाऱ्या आपल्या खेळगाडीला तेच नाव दिले, आणि भुताची गाडी ही जत्रेतली वस्तू होऊन बसली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मी ज्या शहाडात राहतो, ते स्थानक कल्याणानंतरचे पहिलेच, १८५५मध्ये वासिंदपर्यंत उघडलेल्या मार्गावरचे; पुढे उल्हास नदीचा पूल, आंबिवली, टिटवाळा, आणि मग घाटाची चाहूल. नाशिककडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या रात्रभर येथून न थांबता धडधडत जातात, आणि रुळांलगतच्या घरांतील मुलांना आगगाडी दाखवावी लागत नाही, ती त्यांच्या झोपेतूनच जाते. असे असूनही भुताळी डबा विकत मिळणे येथे दुर्घट आहे, आणि छोट्या आगगाडीचा छंदच मुळी थोड्या घरांत आहे. परंतु या छंदाला लागणारी सर्व कला आपल्या घराघरांत वेगळ्या नावांनी जिवंत आहे, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेतलेली नाही.

दिवाळीत कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि सोसायट्यांच्या अंगणांत मुले जो किल्ला करतात, तो प्रमाणबद्ध भूदृश्याचा उत्तम धडा आहे: दगडमातीचा डोंगर, त्यावर अळीव पेरून उगवलेली हिरवळ, मातीचे मावळे, पायथ्याशी गाव, आणि पुष्कळदा, इतिहासाची पर्वा न करता, डोंगरातून काढलेला बोगदा. शिवकालीन गडाखालून आगगाडी नेणाऱ्या त्या मुलाला कालविपर्यासाचा दोष देणे मला अन्यायाचे वाटते. जिराफाचा डबा काढणाऱ्या कारागिराचेच धैर्य त्याच्यात आहे. दुसरी कला गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांची. पंख्याची जुनी मोटार, सायकलची साखळी, लाकडी तरफा आणि तिरक्या चकत्या एवढ्या सामग्रीवर दैत्याचे मुंडके हलवणारे, त्याच्या डोळ्यांत लाल दिवे पेटवणारे मंडळांचे कारागीर आणि लायनेलचे कारागीर यांना एकमेकांची भाषा येत नसली, तरी एकमेकांची यंत्रे उघडून पाहताच ते परस्परांना ओळखतील. तिसरी कला गोव्याची. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तेथे गावोगाव कागद, गवत आणि बांबू यांचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे करून रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. आपल्याकडे त्याच पहाटे पायाखाली कारीट चिरडून तोच असुर मारला जातो. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीनच्याच दिवशी, आली होती. पाश्चात्त्य सणाची उसनवारी न करता भुताळी गाडी चालवण्यास आपल्या पंचांगात जागा आहे, याहून अधिक सनद कोणास हवी?

महाराष्ट्रात छोट्या आगगाड्यांचे सर्वांत मान्यवर स्थान पुण्यात कोथरूडला आहे. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिलेले ते लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले, आणि तेथील छोट्या नगरात गाड्या, रस्ते, सर्कस आणि दिवे एकाच नियंत्रणाखाली नांदताना पाहून आबालवृद्ध मुग्ध होतात. त्याच कोथरूडच्या माथ्यावर वेताळ टेकडी आहे. जेथे हा छंद इतक्या तपश्चर्येने रुजला, तेथे भुतांच्या राजाचे ठाणे हाकेच्या अंतरावर असावे, याचा मला फार आनंद वाटतो; कारण या छंदाला मराठी भुताळी डबा द्यायचा झाल्यास त्याचा नायक वेताळावाचून दुसरा असू शकत नाही. वेताळासह कोकणच्या लोकसमजुती जॅक्सन आणि एन्थोवेन यांच्या नावे १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी जॅक्सन हा नाशिकचा जिल्हाधिकारी, १९०९मध्ये तेथील नाट्यगृहात क्रांतिकारकांच्या गोळीला बळी पडलेला. त्याच्या मागे राहिलेल्या टिपणांचे दप्तर एन्थोवेनने पुढे मार्गी लावले. कोकणातील म्हाताऱ्यांना मात्र वेताळासाठी ग्रंथ उघडावा लागला नाही: अमावास्येच्या रात्री मशाली घेतलेल्या भुतांच्या लवाजम्यासह वेताळाची पालखी निघते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. एकामागून एक, ठरल्या वाटेने, दिवे घेऊन जाणारी ती रांग म्हणजे रुळांवाचूनची आगगाडीच आहे.

आपल्या भुतांत रुळांना साजेशी आणखीही पात्रे आहेत. वाटसरूला रात्रभर फिरवून पुन्हा त्याच ठिकाणी आणून सोडणारा चकवा लंबवर्तुळाकार मार्गाला जितका शोभेल तितका कोणताही विलायती सांगाडा शोभणार नाही. पाण्यात बुडून मेलेल्याचे भूत जो गिऱ्हा, त्याला मत्स्यालयाच्या फितीवर उल्हास नदीच्या हिरवट पाण्यात रंगवावा. मुंज्यासाठी पिंपळ हवा, म्हणून तो डब्यात न बसवता स्थानकाच्या मागे उभा करणे योग्य.

वेताळाच्या पालखीच्या डब्याची तजवीज मात्र सविस्तर सांगतो, कारण ती सहज होण्यासारखी आहे. एक सपाट, उघडी वाघीण घ्यावी. तीवर बांबूच्या काड्यांची पालखी आणि शाडूचे भोई बसवावेत. मशालींसाठी पिवळसर उबदार रंगाचे बारीक एलईडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हवे तितके मिळतात. भोई चालत आहेत असे वाटायचे तर वेग माणसाच्या चालीचा हवा, आणि ताशी पाच किलोमीटरांना ८७ने भागले असता तो सेकंदाला दीड सेंटिमीटरांच्या आसपास येतो. इतक्या मंद गतीने न अडखळता चालणारे इंजिन निवडण्यात कसूर करू नये. अशा गतीला रूळ आणि चाक यांचा संपर्क अधूनमधून तुटतो आणि दिवे थरथरतात. प्रवासी डब्यांत हा दोष घालवण्यासाठी लोक कपॅसिटर जोडतात, पण मशालींच्या वाघिणीत तो मुळीच जोडू नये, कारण मशाल थरथरलेलीच शोभते. आणि सर्वांच्या मागे गार्डाचा डबा लावून त्याला लाल शेपटीदिवा अवश्य द्यावा. त्या दिव्यावाचून गाडी अखंड पोचली असे कोणताही स्टेशनमास्तर धरून चालत नाही, आणि वेताळाच्या गाडीलाही हा शिरस्ता माफ नाही.