काशीतला पूर्वज कसा शोधाल?

१८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा काशीस जाऊन राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची मुलगी मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, जन्मली ती काशीतच. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडच्या गल्ल्यांत मराठी घरं मात्र त्याआधीपासून होती.

तुमचे खापरपणजोबा यात्रेला गेले असतील, तर आधी आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय गाठा. यात्रेकरूंच्या नोंदींच्या त्यांच्या वह्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात, त्यामुळे नुसतं ‘पुण्याचे’ सांगून भागत नाही, मूळ गावच लागतं. नोंदीत वडील, आजोबा, भाऊ, मुलगे. खाली यजमानाची सही, जुनी असेल तर बहुधा मोडीत. बायकांची नावं बरेचदा गाळलेली, हा या वह्यांचा मोठा दोष. साल शक की संवत, ते आधी पाहा: शकात ७८ मिळवायचे, संवतातून ५७ वजा करायचे, की ढोबळ इसवी सन मिळतो.

पूर्वज पेशव्यांच्या चाकरीत असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर चाळावं. कंपनी सरकारच्या कागदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. काशीला जाताना मोडी वाचणारा सोबत न्या, दक्षिणा आधीच ठरवा आणि निघण्यापूर्वी वहीत तुमच्या पिढीची नोंद करा, लेकीसुनांसकट.