घरगुती सीएनसी राउटर आणि भुशाचा बंदोबस्त

घरी जुळवलेल्या सीएनसी राउटरवर एमडीएफ किंवा प्लायवूड कापताना जाड भुसा आणि बारीक धूळ असा दोन प्रकारचा कचरा निघतो. भुसा रेलवर आणि स्क्रूच्या आट्यांत साचून यंत्राची चाल बिघडवतो. धूळ बराच वेळ हवेत तरंगते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५च्या आपल्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. त्यामुळे धूळ उडते तिथेच ती ओढून घेणे महत्त्वाचे ठरते.

हे काम डस्ट शू करतो. बिटभोवती बसणाऱ्या या चौकटीच्या कडेला ब्रशच्या केसांची झालर असते आणि एका बाजूला होज जोडायचे तोंड असते. तयार शू ठरावीक व्यासाच्या मोटरसाठी बनवलेले असतात. छोट्या ट्रिम राउटरचे अंग साधारण ६५ मिलिमीटरचे, तर पाण्याने थंड होणारे अनेक स्पिंडल (बिट फिरवणाऱ्या मोटरी) ८० मिलिमीटरचे असतात. त्यामुळे बरेच जण अ‍ॅक्रिलिक किंवा प्लायवूडचा शू त्याच यंत्रावर कापून घेतात. खालचा भाग चुंबकांवर बसवला, तर बिट बदलताना तो हाताने ओढून काढता येतो.

शू स्पिंडलला बांधला तर तो बिटबरोबर वरखाली होतो. खोल कापात झालर दुमडते आणि बिट वर उचलला की खाली फट पडते. स्पिंडल ज्यावर सरकतो त्या मागच्या स्थिर पाटीला शू बांधला, तर त्याची उंची कायम राहते, पण वेगळ्या जाडीच्या फळीसाठी ती पुन्हा लावावी लागते. दोन्ही प्रकारांत शू क्लॅम्पवर आपटणार नाही, हे आधी पाहावे लागते.

खरी अडचण जोडणीत येते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप साधारण ३२ मिलिमीटरचा, वर्कशॉप व्हॅक्यूमचा होज बहुधा ६३च्या आसपास, तर मोठ्या डस्ट कलेक्टरचा १०० मिलिमीटरचा असतो. व्यास निम्मा झाला की वाट पाव होते, म्हणून वाटेतला सर्वांत अरुंद सांधाच हवेचा प्रवाह ठरवतो. नळकामाच्या दुकानात ६३, ७५ आणि ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप आणि रिड्युसर मिळतात. पाइपाचे तोंड हॉट एअर गनने मऊ करून दुसऱ्या तोंडावर चढवले की माप जुळते. बारीक फरक टेपच्या वेढ्यांनी भरून निघतो. होजचे वजन गॅन्ट्रीवर, म्हणजे स्पिंडल वाहून नेणाऱ्या सरकत्या चौकटीवर आले तर स्टेपर मोटर पावले चुकवते आणि नक्षी सरकते, म्हणून होज छतापासून किंवा आडव्या दांडीला लवचीक दोरीने टांगतात.

व्हॅक्यूम क्लीनरच्या आधी सायक्लोन बसवला तर फिल्टर लवकर तुंबत नाही. शंकूच्या आकाराच्या या भांड्यात हवा कडेने शिरून गरगर फिरते. जड भुसा भिंतीला लागून खालच्या डब्यात पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर निघते. डब्याचे झाकण घट्ट हवे. फटीतून हवा आत आली तर पडलेला भुसा पुन्हा उडतो. पातळ डबा ओढीने आत दबतो. अगदी बारीक धूळ मात्र सायक्लोनमधून निसटते, म्हणून शेवटी हेपा फिल्टर लागतो.

कोरडा भुसा प्लॅस्टिकच्या पाइपातून वाहताना घासतो आणि स्थिर विद्युत साठते. तिचा झटका कंट्रोलरला किंवा संगणकाच्या केबलला बसला तर काम मध्येच थांबू शकते. पाइपाला उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडणे हा सोपा उपाय आहे. बोथट बिट घासून लाकूड जाळू लागला तर धुमसता कण ओढला जाऊन डब्यात पेट घेऊ शकतो. म्हणून डबा दर कामानंतर रिकामा करावा.