हाती पडणारे वेतन : ब्रिटनमधील कपातींचे गणित

ब्रिटनमध्ये नोकरीच्या करारात जे वेतन ठरते आणि महिनाअखेर जे हाती पडते, त्यांत बरेच अंतर असते. हे अंतर कसे मोजले जाते, आणि कराचा दर तोच राहूनही ते कसे वाढते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

वेतनातून प्राप्तिकर परस्पर कापून घेण्याची पद्धती तेथे १९४४ साली सुरू झाली. त्याबरोबरच राष्ट्रीय विम्याची वर्गणीही मालक कापून घेतो. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे दर निराळे असल्याने तो भाग येथे वगळला आहे. २०२४-२५ या करवर्षात पहिल्या १२,५७० पौंडांवर सामान्यतः कर अथवा वर्गणी नव्हती. त्यापुढे ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के कर व ८ टक्के वर्गणी होती. वेतन याहून अधिक झाल्यास वरचा ४० टक्के दर संपूर्ण वेतनावर बसतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. वरचा दर केवळ मर्यादेपलीकडील भागास लागू होतो.

उदाहरणार्थ, वार्षिक वेतन ३५,००० पौंड आहे असे मानू. करपात्र भाग २२,४३० पौंड. त्यावर कर ४,४८६ आणि वर्गणी सुमारे १,७९४ पौंड. निवृत्तिवेतनाची वर्गणी व विद्यार्थिकर्जाची फेड नसल्यास वर्षाला सुमारे २८,७२० पौंड, म्हणजे महिन्यास २,३९३ पौंड हाती पडतात. कपातीचे सरासरी प्रमाण १८ टक्के, तर शेवटच्या पौंडावर मात्र २८ टक्के. हा भेद महत्त्वाचा आहे.

आता भाववाढ ५ टक्के झाली आणि वेतनही ५ टक्क्यांनीच वाढले, असे समजू. वाढीव १,७५० पौंडांपैकी १,२६० पौंडच हाती येतात; ही वाढ ४.४ टक्के भरते. करमुक्त मर्यादा स्थिर राहिल्याने मिळवत्याची क्रयशक्ती घटली. ही केवळ कल्पना नव्हे. २०२१-२२ पासून २०२४-२५ पर्यंत ती मर्यादा १२,५७० पौंडांवरच राहिली, आणि या काळात महागाई तीव्र होती.

वर्गणीचा दर २०२४ च्या जानेवारीत १२ वरून १० टक्के व एप्रिलमध्ये ८ टक्के झाला. ही सवलत सर्वांच्या दृष्टीस पडली. गोठविलेल्या मर्यादेचा भार मात्र वेतनपत्रिकेवर कोठेही नोंदला जात नाही. म्हणून करभाराचा विचार करताना दरांइतकेच मर्यादांकडेही लक्ष दिले पाहिजे.